बाटलीवर गावाचं नाव येऊ द्या!

“तू कुठली?”

“खंडाळ्याची.”

“वॉव, म्हणजे लोणावळ्याजवळ!”

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हा संवाद इतक्या वेळा झालाय की पुढचं उत्तर मला पाठ आहे. नाही, आमच्याकडे पॉइंट नाहीत, चिक्कीची दुकानं नाहीत आणि सिनेमातलं ते गाणंही आमच्यावर नाही. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं. एसटीच्या बोर्डावर ‘पारगाव-खंडाळा’ लिहितात ते. मग समोरच्याच्या डोक्यात उजेड पडतो, “हां हां, खंबाटकी घाटाच्या अलीकडे!” घाट माहीत असतो, गाव नाही. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यात आहे, हे सांगितलं की तर लोक चक्क आश्चर्यानं बघतात.

नावाचं असंच असतं. ज्यानं आधी गाजवलं, त्याचं ते झालं. हे एवढं रामायण सांगण्याचं कारण एक बाटली आहे.

मागे एका बातमीच्या निमित्तानं पुण्यातल्या एका हॉटेलात जावं लागलं. पाहुणे यायला वेळ होता म्हणून टेबलावरचं मेन्यूकार्ड चाळत बसले. रेड वाईनच्या यादीत एक नाव दिसलं, ‘सेत्ते’. शेजारचा आकडा बघून मी कार्ड मिटलंच. इटालियन नाव, इटालियन थाट. म्हटलं बोटीनं आली असणार. सहज वेटरदादांना विचारलं तर ते म्हणाले, “मॅडम, ही अकलूजची.”

अकलूजची! म्हणजे माळशिरस तालुक्यातली. म्हणजे आमच्या नीरेच्या काठची.

ज्यांना भूगोल कच्चा वाटतो त्यांच्यासाठी सांगते. नीरा नदी भोरच्या डोंगरातून निघते, शिरवळजवळून आमच्या तालुक्याची हद्द धरून वाहते, पुढे वीर धरणात थांबते, आणि मग फलटणच्या अंगानं खाली अकलूजकडे जाऊन भीमेला मिळते. वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवाही खंडाळा, फलटण, माळशिरस असाच जातो. रस्त्यानं म्हणाल तर शिरवळ, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, अकलूज. साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. माउलींच्या पालखीबरोबर एकदा जरी चाललेले असाल तरी यातला बराचसा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे.

तर या पट्ट्यात एक वाईन बनते, जी देशातल्या महागड्या रेड वाईनमध्ये गणली जाते. आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती कुठली आहे याचा पत्ताच नाही. मला नव्हता. का नव्हता, याचा विचार करता करता हा लेख झाला.

भाऊ, भाऊ आणि भाऊ

कंपनीचं नाव फ्रातेल्ली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या म्हणून हे नाव. इटलीचे आलेस्सिओ आणि आंद्रेआ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील. सोबत इटलीच्या टस्कनी भागातले मुरलेले वाईनमेकर पिएरो मासी. सहा भाऊ आणि एक मासी मिळून सात. सेत्ते म्हणजे सात. कंपनीच्या मानाच्या वाईनला म्हणूनच ते नाव.

साधारण २००७ च्या सुमाराला इथे परदेशातून आणलेली वाईनच्या द्राक्षांची रोपं लागली. मोटेवाडी, गारवाड, निमगाव या गावांच्या शिवारात मिळून सुमारे २४० एकर बागा. सेत्ते मुख्यतः दोन द्राक्षांची आहे. एक सांजोवेझे, म्हणजे टस्कनीचं घरचं द्राक्ष. दुसरं फ्रान्सचं काबर्ने सोव्हिन्यों. रस सालीसकट आंबवतात, कारण रेड वाईनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. मग ती ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात.

आता कुणी म्हणेल, मग झाली की इटलीची झेरॉक्स. तसं नाहीये. द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा. इटलीत हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गाळतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणीला येतो. आपल्याकडे थंडी एवढी पडतच नाही की वेल झोपेल. म्हणून वर्षातून दोनदा छाटायचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. इटलीत पहिला पाऊस पडायच्या आत तोडणीची घाई असते, आपल्याकडे उन्हाळा चढायच्या आत. डावणी, भुरी, अवकाळी, गारपीट हे सगळं आपलं. फळछाटणीला किती डोळे ठेवायचे हे कळणारे हातही इथलेच. टस्कनीचा वाईनमेकर कितीही मोठा असला तरी या मातीत आल्यावर त्यालाही वर्षाचं कॅलेंडर उलटं धरावं लागतं.

म्हणजे माती इथली, ऊन इथलं, छाटणी इथली. आणि नाव? फ्रातेल्ली, सेत्ते.

‘खडकी’ नावाची वाईन

मी कंपनीला नावं ठेवत नाहीये. मुंबई-दिल्लीतल्या गिऱ्हाइकाला इटालियन नाव ऐकलं की भारी वाटतं, हे धंद्याचं गणित त्यांनी बरोबर ओळखलं. शिवाय त्यांच्या कंपनीत खरोखरचे इटालियन आहेत. त्यांनी काही खोटं सांगितलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. इटलीतल्या सगळ्यात महाग वाईनची नावं कुठून आली, हे एकदा बघा. मग गंमत कळेल.

सासिकाया ही इटलीची जगभर मिरवणारी रेड वाईन. तिची एक बाटली म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वर्षाच्या फीएवढी. मारिओ इंचीसा देल्ला रोकेत्ता नावाच्या जमीनदारानं १९४० च्या दशकात टस्कनीच्या समुद्राजवळ, बोल्गेरी गावात, आपल्या इस्टेटीवर काबर्नेची रोपं लावली. त्या भागाला वाईनसाठी कुणी विचारत नव्हतं. वीसेक वर्षं ती वाईन घरच्या आणि पाहुण्यांच्याच टेबलावर होती. बाजारात आली ती १९६८ च्या तोडणीची. इटलीच्या नियमांत तेव्हा तिथल्या फ्रेंच द्राक्षाच्या वाईनला जागाच नव्हती, म्हणून कागदोपत्री तिचा दर्जा काय? ‘टेबल वाईन’. आपल्या भाषेत सांगायचं तर खानावळीतली. पुढे १९७८ मध्ये लंडनला झालेल्या एका चाचणीत तिनं भल्याभल्यांना मागे टाकलं, आणि १९९४ मध्ये बोल्गेरी सासिकाया या नावाला स्वतःचा सरकारी दर्जा मिळाला.

आता सासिकाया म्हणजे काय? दगडधोंड्यांची जागा. बस, एवढंच. आपल्याकडे ज्याला खडकी म्हणतात ना, तेच. शिवारातल्या एका खडकाळ तुकड्याचं नाव त्यांनी बाटलीवर टाकलं आणि जगाला ते बोलायला लावलं.

दुसरी तितकीच गाजलेली वाईन तिन्यानेल्लो. अंतिनोरी घराण्याची. १९७१ पासून त्यांनी ती वेगळ्या पद्धतीनं करायला घेतली, आणि सांजोवेझेबरोबर काबर्ने मिसळण्याची तिची रीत आपल्या सेत्तेच्या जवळची. तिन्यानेल्लो हे कशाचं नाव? ज्या टेकडीवर तो मळा आहे, त्या मळ्याचं.

मग मोटेवाडी काय वाईट आहे? गारवाड काय वाईट आहे? इटालियन माणसानं आपल्या खडकीचं नाव अभिमानानं लिहिलं आणि आपण त्याच्याकडून वाईन करायची विद्या घेतली, पण नाव लिहायची सवय घेतली नाही.

आणि असं नाव चालत नाही, हे म्हणायलाही जागा नाही. नाशिकच्या राजीव सामंतांनी आपल्या कंपनीला आईच्या, सुलभा या नावावरून ‘सुला’ म्हटलं. त्यांच्या एका रेड वाईनचं नाव आहे ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराज’. दिंडोरी! आपल्या महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचं नाव पंचतारांकित हॉटेलच्या मेन्यूकार्डावर आहे आणि गिऱ्हाईक ते उच्चारून मागवतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हीच कंपनी शेअर बाजारात आली. दिंडोरीनं तिचं काही अडलं नाही.

नाव कुणाच्या मालकीचं?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, अस्मिता वगैरे समजलं. पण नावानं पोट भरतं का? माझं म्हणणं, भरतं. फक्त नाव कुणाच्या मालकीचं आहे हे बघायला हवं.

टस्कनीतच मोंताल्चिनो नावाचं डोंगरावरचं गाव आहे. वस्ती पाच-सहा हजार. दुसऱ्या महायुद्धानंतर ते इटलीतल्या गरीब भागांपैकी एक होतं. तिथली शेती आपल्याकडच्या अर्धेलीसारखी चालायची, निम्मं पीक मालकाला, निम्मं कसणाऱ्याला. ती पद्धत मोडत गेली तशी पोरं शहरातल्या कारखान्यांकडे निघून गेली. ओळखीची गोष्ट वाटतेय ना?

त्या गावाची एक वाईन होती, ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो. म्हणजे ‘मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो’. तिथल्या उत्पादकांनी १९६७ मध्ये संघ काढला आणि काटेकोर नियमांनी ते नाव जपलं. ब्रुनेल्लो म्हणायची असेल तर द्राक्ष फक्त सांजोवेझे. तेही याच गावाच्या हद्दीतलं. हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त पीक घ्यायचं नाही, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. खायच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे ऐकून हसू येईल. तोडणीनंतर पाचवं वर्ष उजाडेपर्यंत बाटली विकायची नाही, आणि त्यातली किमान दोन वर्षं ती लाकडी पिंपात राहिली पाहिजे. १९८० मध्ये इटलीनं या वाईनला सगळ्यात वरचा दर्जा दिला.

या व्यवस्थेतली खरी मेख पुढे आहे. ‘ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो’ हे नाव कुठल्याही एका कंपनीचं नाही. हद्दीत नियमात बसणारी बाग असलेला आणि नियम पाळणारा छोटा शेतकरीही ते आपल्या बाटलीवर लिहू शकतो. आज तिथे दोनशेच्या आसपास उत्पादक आहेत. नाव वधारलं की सगळ्यांचा माल वधारतो.

आणि ते नाव जपायची जबाबदारीही सगळ्यांची. २००८ मध्ये तिथे मोठं लफडं बाहेर आलं. काही उत्पादक ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षं मिसळतात असा आरोप झाला, चौकशी लागली, माल अडकला. तेव्हा काहींनी सुचवलं की नियमच सैल करू, थोडी भेसळ चालू दे. त्याच ऑक्टोबरमध्ये उत्पादकांनी मतदान केलं आणि प्रचंड बहुमतानं ठरवलं, नियम तोच राहील. शंभर टक्के सांजोवेझे. तात्पुरत्या फायद्यापेक्षा नावाची पत मोठी, हे तिथल्या शेतकऱ्यानं मत देऊन सांगितलं.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे काय झालं

महाराष्ट्रात वाईनची गोष्ट सेत्तेच्या बरीच आधी सुरू होते. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडाज काढली. फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाईन केली आणि ती युरोपात निर्यात केली. तिचं नाव? ‘ओमर खय्याम’. म्हणजे नारायणगावची वाईन, फ्रान्सची विद्या आणि इराणच्या कवीचं नाव. गावाच्या नावाची लाज आपल्याला तेव्हापासून आहे म्हणा ना!

मग २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आपल्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. शेतकऱ्यांनी मोठ्या आशेनं वाईनची द्राक्षं लावली. २००८ पर्यंत सगळं वर वर चाललं होतं. मग जागतिक मंदी आली, पाठोपाठ मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन आणि हॉटेलं थंडावली. वाईन गोदामात पडून राहिली. इंडाजचा डोलारा कर्जाखाली कोसळला. आणि शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

कुऱ्हाड का चालवली, हे नीट समजून घ्यायला हवं. थॉमसन किंवा माणिक चमन लावलेलं असेल तर एका व्यापाऱ्यानं पाठ फिरवली तरी दुसरा असतो. दुसराही नसला तर शेडवर नेऊन बेदाणा करता येतो. वाईनचं द्राक्ष मात्र बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. बाजारात नेलं तर कुणी हुंगणार नाही. त्याचं गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिनं हात वर केले की खेळ खल्लास.

मोंताल्चिनोच्या शेतकऱ्याचं द्राक्षही तसंच बारीक आणि बियांचं आहे. पण त्याच्याजवळ गावाचं नाव आहे. एक वायनरी बुडाली तर दुसरी तेच नाव वापरण्यासाठी त्याचीच द्राक्षं घेईल, कारण त्या हद्दीबाहेरचं द्राक्ष चालतच नाही. जमलं तर तो स्वतः बाटली भरेल. आपल्या शेतकऱ्याजवळ होता फक्त कंपनीबरोबरचा करार. कंपनी गेली, नाव गेलं, सोबत बागही गेली.

म्हणून मला वाटतं, आपल्या वाईनच्या धोरणातली मोठी चूक तिथे होती. सरकारनं शुल्क माफ केलं, प्लॉट दिले, रस्ते दिले. पण नाव उभं करायचं राहून गेलं. पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं, ही चांगली गोष्ट झाली. पण ते किती बाटल्यांवर ठळक दिसतं? तुम्ही कधी ऐकलं होतं?

आता ‘दारू’बद्दल

थांबा, मला माहितीये तुमच्या मनात काय आहे. माझ्या आईच्याही मनात तेच होतं. “पेपरात पहिल्यांदा एवढा मोठा लेख छापून येणार, आणि तो दारूवर?”

हा प्रश्न मी टाळणार नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्र दोन तट पडून भांडला. सरकार म्हणालं, शेतकऱ्याचं भलं होईल. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द काढला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. शेवटी निर्णय बारगळला. त्या सगळ्या गदारोळात ‘वाईन दारू आहे की नाही’ यावरच बोलणं झालं.

माझं उत्तर सरळ आहे. वाईन दारूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलंय की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही. रेड वाईन हृदयाला चांगली वगैरे फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नका. मी स्वतः पीत नाही आणि हा लेख लिहायला त्याची गरजही पडली नाही. हे पान वाचणाऱ्या बहुतेकांचं तर कायद्यानं वयही झालेलं नाही. आपल्या राज्यात विदेशी आणि देशी मद्यासाठी ते २५ आहे.

शिवाय आमच्या भागात हा विषय चेष्टेचा नाही. गावातल्या बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. चिठ्ठीवर ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद. त्यामागे किती घरांचं रडणं असतं हे खेड्यात वाढलेल्या मुलीला सांगायला नको. सुपरमार्केटला विरोध करणाऱ्या बाया-माणसांना ‘मागास’ म्हणणाऱ्या शहरी मित्रांशी मी तेव्हाही भांडले आणि आजही भांडेन.

पण म्हणून वाईन बनवणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न संपत नाही. बागा आहेत, वायनरी आहेत, बाटल्या निघतायत. त्या बाटलीच्या किमतीतला किती वाटा ज्या गावात ती पिकली तिथे राहतो, हा प्रश्न न पिणाऱ्या माणसालाही विचारता येतो. उलट मोंताल्चिनोचा नियम काय सांगतो? कमी पिकवा, कमी विका, महाग विका, थांबून विका. गल्लोगल्ली स्वस्त बाटली पोचवण्याच्या बरोबर उलटी दिशा. दारूचा प्रसार नको असणाऱ्यांनी खरं तर याच बाजूला उभं राहायला हवं.

भिंत पडतेय

हे आत्ताच का बोलायचं? कारण आपल्या वाईनला आजवर एका भिंतीचा आडोसा होता. परदेशी वाईनवर १५० टक्के आयात शुल्क. म्हणजे हजाराची बाटली बंदरातच अडीच हजारांची व्हायची. ही भिंत आता पडायला लागलीय. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि तिथल्या उंची बाटल्यांवरचं शुल्क १५० वरून ७५ टक्क्यांवर आलं. दहा वर्षांत ते २५ वर यायचंय. युरोपच्या वाईनलाही हेच हवंय.

खरी इटालियन वाईन जेव्हा शेजारच्याच फळीवर परवडणाऱ्या भावात येईल, तेव्हा इटालियन वाटणारं नाव आपल्या काय कामाचं? तेव्हा गिऱ्हाईक विचारेल, तुमचं काय आहे? त्या दिवशी उत्तर तयार पाहिजे. आणि ते उत्तर एका दिवसात तयार होत नाही; सासिकायाला वीस-पंचवीस वर्षं लागली.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, जिथे द्राक्ष पिकलं त्या गावाचं किंवा तालुक्याचं नाव पुढच्या लेबलवर, ठळक आणि मराठीतही. दुसरी, नीरा-भीमेच्या या पट्ट्यातल्या बागायतदारांनी आणि वायनरींनी एकत्र बसून नियम लिहावेत आणि सामायिक नाव नोंदवावं, असं की उद्या दोन एकरवाल्यालाही ते वापरता येईल. कुठलं द्राक्ष, एकरी किती, किती दिवस मुरवायची, हे त्यांनीच ठरवावं. तिसरी, सरकारनं सवलत देताना विचारावं, बाटलीवर गाव कुठंय?

अकलूजला हे जमायला हरकत नसावी. ज्या मुलखानं माळरानावर सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला एकत्र येणं शिकवायची गरज नाही. फ्रातेल्लीनं दाखवून दिलंय की इथल्या मातीत उंची वाईन होते. पण तिथे भांडवल होतं, ओळखी होत्या, इटलीचे भागीदार होते. साध्या शेतकऱ्याजवळ यातलं काहीच नसतं. त्याच्याजवळ फक्त जमीन असते आणि त्या जमिनीचं नाव.

आणि हे फक्त वाईनपुरतं नाहीच. आमच्या तालुक्यातल्या लोणंदचा कांदा बाजार सगळ्यांना माहीत आहे. पण तिथून गोणी ट्रकमध्ये चढली की ती नुसता ‘कांदा’ होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला, सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला, साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्याला जीआय आहे. तरी मॉलमधल्या पाकिटावर ब्रँड मोठ्या अक्षरात आणि गाव शोधावं लागतं. आपण गावाचं नाव फक्त निवडणुकीला, जत्रेला आणि गाडीच्या काचेवर लिहितो. मालावर लिहीत नाही.

आपल्यातले कितीतरी जण ॲग्री करतायत, फूड टेक करतायत, डिझाइन, लॉ, माझ्यासारखं मास कॉम करतायत. शिरवळच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली तर उत्तमच. पण लेबल कसं असावं, नियम कसा लिहावा, जीआयचा अर्ज कसा भरावा, गोष्ट कशी सांगावी, ही कामंही आपलीच आहेत. ती करायला कुणी टस्कनीहून येणार नाही.

त्या हॉटेलातून निघताना वेटरदादांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही कुठल्या?” मी म्हटलं, “खंडाळ्याची. साताऱ्याच्या.” ते म्हणाले, “म्हणजे आमच्या वरच्या अंगाच्या की! मी नातेपुत्याचा.” अकलूजची बाटली त्यांनी का ओळखली, ते तेव्हा कळलं. बाटलीवर वाचून नव्हे. ते तिथले होते म्हणून.